अलेक्झांड्रिया पाहायचं तर: तीन दिवसांचा बेत, पायरी पायरीनं

अलेक्झांड्रियाला कैरोहून एका दिवसात जाऊन येऊ नका. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

पहिल्या खेपेला मी तेच केलं होतं. पहाटे कैरोहून गाडी, तीन तास रस्ता, चार ठिकाणी पंचवीस-पंचवीस मिनिटं, किल्ल्यासमोर ग्रुप फोटो आणि रात्री परत. हॉटेलवर पोचल्यावर गटातल्या एका काकूंनी विचारलं, "अहो, पण ते दीपगृह आणि ती लायब्ररी कुठे होती?" त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की प्राचीन जगात गाजलेलं इथलं दीपगृह आणि ग्रंथालय, दोन्ही आता उभी नाहीत. चूक काकूंची नव्हती. हे शहर कसं पाहायचं ते आधी समजून घेतलं नाही, तर समोर फक्त समुद्रकाठचं एक गजबजलेलं, रंग उडालेल्या इमारतींचं गाव दिसतं. दोन वर्षांनी मी परत गेले, चार रात्री राहिले. हा लेख त्या दुसऱ्या खेपेवरून लिहिते आहे.

आधी शहराची रचना डोक्यात बसवा

इ.स.पू. ३३१ मध्ये सिकंदरानं हे शहर वसवलं. किनाऱ्यासमोर फारोस नावाचं एक लांबट बेट होतं. किनारा आणि बेट यांना जोडणारा सुमारे सव्वा किलोमीटरचा बांध घातला गेला आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बंदरं तयार झाली. पुढच्या शतकांत बांधाच्या दोन्ही अंगांना गाळ साचत गेला, बांध रुंद होत होत जमीनच झाला. आज त्यावर वस्ती आहे, बाजार आहेत, मशिदी आहेत. भराव घालून बेटं एकमेकांना जोडली की शहर कसं बदलतं हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

पूर्वेकडचं बंदर म्हणजे आज नकाशात दिसणारा अर्धगोल. तिथे मच्छीमारांच्या होड्या असतात आणि त्याच्या काठानं कॉर्निश हा समुद्रालगतचा रस्ता जातो. पश्चिमेकडचं बंदर मालवाहू जहाजांचं, तिथे आपलं काही काम नाही. सिकंदरानंतर इथे राज्य करणाऱ्या ग्रीक टॉलेमी राजांचा, क्लिओपात्राचा राजवाड्यांचा भाग भूकंप आणि खचलेल्या जमिनीमुळे पूर्वेकडच्या बंदराच्या पाण्याखाली गेला. उरलेलं प्राचीन शहर आजच्या रस्त्यांच्या कित्येक मीटर खाली आहे. त्यावर एकोणिसाव्या शतकात इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली याच्या काळापासून नवं शहर उभं राहिलं.

म्हणून या गावाला तीन मजले आहेत असं धरून चाला: एक जमिनीखाली, एक जमिनीवर, एक पाण्यात. मी दिवसही तसेच वाटले आहेत. आधी खाली उतरायचं, मग वर यायचं, शेवटी समुद्राकडे जायचं. किल्ल्यापासून सुरुवात केली तर तो नुसता एक किल्ला वाटतो.

कधी जायचं

मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हे उत्तम दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये कैरोची माणसं उन्हापासून पळून इकडे येतात, खोल्या महागतात आणि कॉर्निशवर पाय ठेवायला जागा नसते. वसंतात अधूनमधून खम्सीन हा वाळवंटी, धुळीचा वारा सुटतो. डोळ्यांना त्रास होत असेल तर साधा चश्मा आणि ओढणी जवळ असू द्या.

हिवाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण "इजिप्त म्हणजे गरम" असं धरून माणसं पातळ कपडे नेतात. इथे हिवाळ्यात पाऊस पडतो, चांगला पडतो. समुद्रावरून येणाऱ्या वादळांना स्थानिक लोक 'नव्वा' म्हणतात आणि प्रत्येक नव्व्याला नाव आणि ठरलेला काळ असतो. आपल्याकडे मृग, आर्द्रा, हत्ती अशी पावसाची नक्षत्रं तोंडपाठ असतात तसंच. नोव्हेंबरच्या मध्याला येणाऱ्या नव्व्याचं नाव 'मकनसा', म्हणजे केरसुणी: रस्ते झाडून नेणारी. त्या दिवसांत लाटा कॉर्निशच्या कठड्यावरून रस्त्यावर येतात आणि मासेमारी बंद पडते. जायचंच असेल तर वाऱ्याला अडवणारं जाकीट हवं. छत्री उलटी होते, न्यायची नाही.

रमजानमध्ये गेलात तर दिवसा बरीच खाण्याची दुकानं बंद आणि स्थळं लवकर मिटतात, पण संध्याकाळनंतर गाव जागं होतं. पहिल्यांदाच जात असाल तर तो महिना टाळा असं मी म्हणेन.

व्हिसा आणि प्रवास

भारतीय पासपोर्टवर इजिप्तचा व्हिसा लागतो. इजिप्तचा दूतावास दिल्लीत आहे आणि वाणिज्य दूतावास मुंबईत. पासपोर्टची मुदत परतीनंतरही किमान सहा महिने असावी. नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकिटाआधी दूतावासाकडून ताजी माहिती घ्या. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकाच्या सांगण्यावर विसंबू नका. ड्रोन अजिबात नेऊ नका, इजिप्तमध्ये परवानगीशिवाय त्यावर बंदी आहे आणि विमानतळावर तो काढून घेतात.

मुंबईहून कैरोला थेट विमान आहे. अलेक्झांड्रियाचा स्वतःचा विमानतळ म्हणजे बोर्ग अल् अरब, शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींना तो सोयीचा पडतो, तिकडून थेट विमानं येतात. भारतातून जाणाऱ्यांनी मात्र कैरोला उतरून रेल्वेनं जावं.

रेल्वेनंच का? १८५६ मध्ये अलेक्झांड्रिया ते कैरो हा मार्ग पूर्ण झाला, आफ्रिका खंडातला हा पहिला लोहमार्ग. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होईपर्यंत मुंबईहून विलायतेला जाणारे प्रवासी सुएझला बोटीतून उतरत, जमिनीवरून कैरोमार्गे अलेक्झांड्रियाला येत आणि इथून पुन्हा बोट पकडत. त्यांच्याच वाटेनं आपण जातो. शिवाय खिडकीतून नाईलच्या त्रिभुज प्रदेशातली शेतं दिसतात, जी वाळवंटातल्या महामार्गावरून दिसत नाहीत.

कैरोच्या रामसेस स्थानकावरून वातानुकूलित गाड्या दिवसभर असतात, अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर, वेळ साधारण अडीच ते तीन तास. टाल्गो किंवा त्याच्या बरोबरीची गाडी घ्या. गुरुवारी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी आरक्षण आधी करा. अलेक्झांड्रियात दोन स्थानकं आहेत आणि इथे गफलत होते: आधी सिदी गाबेर लागतं, सगळी गर्दी तिथे उतरते, आपणही उठतो. तुमची खोली मध्यवर्ती भागात असेल तर बसून राहा, शेवटचं स्थानक मिस्र स्टेशन, तिथे उतरा.

राहायचं कुठे

रामल स्टेशन आणि साद झग़लूल चौक यांच्या आसपास. कॉर्निश समोर, ग्रीको-रोमन संग्रहालय चालत दहा-पंधरा मिनिटं, खायची दुकानं खालीच. या चौकात प्राचीन काळी सीझरचं मंदिर होतं आणि त्यासमोर दोन ओबेलिस्क. 'क्लिओपात्राच्या सुया' म्हणून ओळखले जाणारे हे स्तंभ आज लंडनला आणि न्यूयॉर्कला आहेत. १९२९ चं सेसिल हॉटेल याच चौकात आहे. तेवढं बजेट नसेल तर जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर छोटी हॉटेलं आहेत. समुद्राकडची खोली मागा, पण एक जाणून घ्या: कॉर्निशवर रात्री दोनपर्यंत हॉर्न वाजतात. झोप सावध असेल तर मागच्या बाजूची घ्या आणि समुद्र खाली उतरून बघा.

पहिला दिवस: जमिनीखाली

सकाळी नऊला करमूझ भागात पोचा. टॅक्सीवाल्याला 'अमूद अस्-सवारी' सांगा. टॅक्सी काळीपिवळी असते, बघून घरचं वाटतं, पण मीटरवर चालत नाही. भाडं बसण्यापूर्वी ठरवा किंवा मोबाइल ॲपवरून गाडी बोलवा.

अमूद म्हणजे स्तंभ. तो 'पॉम्पीचा स्तंभ' म्हणून प्रसिद्ध आहे, पण पॉम्पी या रोमन सेनापतीशी त्याचा काही संबंध नाही. मध्ययुगात आलेल्या युरोपियनांनी ते नाव चिकटवलं. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस डायोक्लेशन या रोमन सम्राटाच्या सन्मानार्थ तो उभारला. अस्वानचा लाल ग्रॅनाइट, नुसता खांबच वीस मीटरहून उंच आणि एकसंध. अस्वान इथून हजारएक किलोमीटर दक्षिणेला आहे, तिथून हा दगड नाईलमधून आला. खांबाभोवती दोन चकरा मारा, पण तिथेच रेंगाळू नका. टेकडीच्या पोटात जाणारे बोगदे शोधा. इथे सेरापिस या देवाचं भव्य मंदिर होतं आणि प्रसिद्ध ग्रंथालयाची एक शाखा. भिंतीतले कोनाडे पाहून ते ग्रंथांच्या गुंडाळ्यांसाठी होते असं सांगितलं जातं. ३९१ मध्ये मंदिर उद्ध्वस्त झालं. बोगद्यात एका काळ्या बैलाची प्रतिकृती उभी आहे. ती नीट लक्षात ठेवा, दुपारी तिच्या मूळ मूर्तीची गाठ पडणार आहे.

तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत कोम अश्-शुकाफा. नावाचा अर्थ खापरांची टेकडी. इथे आपल्या माणसांच्या थडग्यांशी येऊन नातेवाईक जेवत आणि ती भांडी घरी परत नेत नसत, तिथेच फोडत. त्याच खापरांचा ढीग. १९०० मध्ये एक गाढव जमिनीतल्या भोकातून खाली पडलं आणि दुसऱ्या शतकातली ही भूमिगत दफनभूमी उजेडात आली, असं सांगतात.

एका खोल विहिरीभोवती गोल जिना उतरतो, शंभराच्या आसपास पायऱ्या. मधल्या विहिरीतून मृतदेह दोरानं खाली सोडत. गुडघे दुखत असतील तर सावकाश उतरा, मध्ये टेकायला जागा आहेत. खाली डाव्या हाताला एक चौकोनी दालन लागतं, तीन बाजूंनी दगडात कोरलेले ओटे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते समजलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिथल्या पहारेकऱ्यानं ओट्यावर हात ठेवून, बोटं तोंडाकडे नेऊन खाण्याची खूण केली. पितरांच्या नावानं जेवण घालायची जागा. पक्षपंधरवड्यात घरी वाढलेलं पान आठवलं आणि मी बराच वेळ त्या दालनातून हलले नाही.

पुढे मुख्य गाभारा. इथे घाई करू नका, हे अख्ख्या शहरातलं सर्वांत बोलकं ठिकाण आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना नाग, डोक्यावर इजिप्तच्या फारोंचा मुकुट, शेपटीशी ग्रीक देवांचे दंड, आणि वर ढालीवर ग्रीक कथांतल्या, केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसाचं तोंड. उभ्या पुतळ्यांची अंगं ताठ, इजिप्शियन ठेवणीची आणि चेहरे, केस मात्र रोमन. आत गेल्यावर मागे वळा. दाराच्या आतल्या बाजूला कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, इजिप्तचा मृतांचा देव, पहारा देतोय आणि त्याच्या अंगावर रोमन शिपायाचं चिलखत आहे. मेल्यावर आपलं रक्षण कोणी करावं हे त्या घराण्यानं ठरवताना तिन्ही परंपरांचे देव बोलावले. अलेक्झांड्रिया म्हणजे काय हे मला पुस्तकांत वाचून कळलं नव्हतं, ते त्या चिलखतामुळे कळलं.

खाली दमट असतं, श्वास कोंडल्यासारखं वाटलं तर वर या, तिकीट असेपर्यंत पुन्हा उतरू देतात का ते पहारेकऱ्याला आधी विचारून ठेवा.

दुपारी जेवून ग्रीको-रोमन संग्रहालय. १८९२ मध्ये स्थापन झालेलं हे संग्रहालय २००५ पासून बंद होतं, ते २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडलं. सकाळचा काळा बैल इथे आहे: एपिस, इजिप्तचा पवित्र बैल, खरा, पूर्ण आकाराचा. सेरापिस हा देव कुठून आला तर ओसिरिस हा इजिप्तचा देव आणि एपिस यांच्या उपासनेतून, त्याला टॉलेमींनी ग्रीक दाढी आणि ग्रीक चेहरा दिला. दोन्ही मूर्ती पाहिल्या की हे आपोआप जुळतं. टॉलेमी घराण्यातल्या राणी बेरेनिकेचं मोझेक (रंगीत तुकड्यांचं चित्र) चुकवू नका, तिच्या डोक्यावर जहाजाच्या नाळेचा मुकुट आहे. बंदराच्या राणीला दुसरं काय शोभेल?

दुसरा दिवस: जमिनीवर

कोम अद्-दिक्का मिस्र स्टेशनच्या जवळच आहे. १९६० च्या सुमारास इथला ढिगारा उपसताना संगमरवरी पायऱ्यांचं अर्धगोल प्रेक्षागृह सापडलं, तेरा ओळी, आणि पोलिश पुरातत्त्वज्ञ तेव्हापासून इथे काम करत आले आहेत. प्रेक्षागृहात सगळे फोटो काढतात. तुम्ही त्यापलीकडे चालत जा. तिथे नालेच्या आकारात दगडी बाकं असलेल्या खोल्यांची रांग आहे आणि मधोमध उंचावर एक आसन. पाचव्या ते सातव्या शतकातले हे वर्ग, म्हणजे गुरुजींची खुर्ची आणि समोर विद्यार्थी. जुन्या ग्रंथालयाची एक वीट कोणाला खात्रीनं दाखवता येत नाही, पण शिकवण्याच्या या खोल्या खऱ्या आहेत, त्यांत बसता येतं. आवारातच 'पक्ष्यांचं घर' आहे, वेगळं तिकीट काढून बघा. जमिनीच्या मोझेकमध्ये मोर आणि पोपट आहेत. मोर मूळचा आपल्याकडचा, तो इथवर कसा पोचला याचा विचार करत उभं राहावं.

ती वाट अगदीच काल्पनिक नाही. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या नोंदवहीत कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. तेरचं कापड गाड्यांत भरून भडोचला जाई. अलेक्झांड्रियाचा माल नाईलमधून वर, मग उंटांवरून तांबड्या समुद्रावर आणि तिथून पावसाळी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत रोमन जगातून आलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. मी कल्याणची. आमच्या गावाचं नाव इथल्या कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी टिपून ठेवलं होतं हे माहीत असताना या गावात फिरायला फार बरं वाटतं.

दुपारी नवं ग्रंथालय, बिब्लिओथेका अलेक्झांड्रिना. २००२ मध्ये उघडलं. समुद्राकडे कललेली प्रचंड तबकडी, आणि मागची ग्रॅनाइटची भिंत जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांनी कोरलेली. शुक्रवार-शनिवारच्या वेळा वेगळ्या असतात, त्या आदल्या दिवशी बघून घ्या. पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. वाचनकक्ष पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राच्या दिशेनं उतरतो. तळघरातल्या पुरावस्तू संग्रहालयाचं तिकीट वेगळं असतं, ते बरेच जण घेत नाहीत. घ्या. इमारतीचा पाया खणताना सापडलेलं एक मोझेक तिथे आहे: लाल पट्टा बांधलेला पांढरा कुत्रा, शेजारी कलंडलेलं भांडं, आणि 'मी नाही केलं' असा चेहरा. दोन हजार वर्षांपूर्वीचा असूनही तो आपल्या गल्लीतला वाटतो.

संध्याकाळी नबी दानियल रस्त्यावर जुन्या पुस्तकांचे ठेले बघा. सिकंदराची कबर दाखवतो म्हणून कोणी मागे लागला तर नम्रपणे नकार द्या, ती अजून कोणालाही सापडलेली नाही. मग साद झग़लूल चौकाजवळ १९२२ पासून चालणाऱ्या डेलिसमध्ये कॉफी.

तिसरा दिवस: पाण्याकडे

लवकर उठा आणि अन्फूशीच्या मासळी बाजारात जा. ससून डॉकची सवय असलेल्यांना वास ओळखीचा, आरडाओरडा ओळखीचा. शेजारी लाकडी बोटी बांधण्याचे कारखाने आहेत. विचारून आत डोकावता येतं.

तिथून कायतबायचा किल्ला. १४७७ ते १४७९ या काळात मम्लूक सुलतान कायतबायनं तो बांधला, जिथे फारोसचं दीपगृह होतं बरोबर तिथे. दीपगृह इ.स.पू. २८० च्या सुमाराचं, शंभर मीटरहून उंच. चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी ते संपवलं, १३०३ चा त्यातला मोठा. त्याचे दगड किल्ल्यात वापरले गेले आणि उरलेले समोरच्या पाण्यात पडले. १९९४ पासून पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे हजारो दगड नोंदवले आणि २०२५ मध्ये दीपगृहाच्या प्रवेशद्वाराचे अवजड दगड अभ्यासासाठी बाहेर काढले. किल्ल्याच्या खोल्या भराभर बघून तटावर जा. समुद्राकडच्या अरुंद खिडकीत उभं राहिलं की खाली काँक्रीटचे ठोकळे दिसतात, लाटा पाया खाऊ नयेत म्हणून टाकलेले. बरोबर त्या पाण्याखाली प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक पडलंय. काकूंना मी हेच दाखवायला हवं होतं.

शुक्रवारी किल्ला टाळा, पाय ठेवायला जागा नसते. जवळचा रास अत्-तीन राजवाडा आणि नौदलाचा भाग यांचे फोटो काढू नका. १९५२ च्या २६ जुलैला राजा फारूक इथूनच देश सोडून गेला. वाटेत अबुल अब्बास अल् मुर्सी मशीद बघा. तेराव्या शतकात स्पेनमधल्या मुर्सियाहून आलेल्या सुफी संताचा हा दर्गा. बायकांचं दार वेगळं, डोकं झाकायचं, चपला बाहेर.

जेवण: मासे खाणाऱ्यांसाठी

अन्फूशीत मासळीची खाणावळ म्हणजे आधी दुकान, मग जेवण. बर्फावर मासे मांडलेले असतात, किलोनं घ्यायचे. भाव विचारा, वजन तुमच्यासमोर करायला सांगा, भाजण्या-तळण्याचे पैसे वेगळे आहेत का ते विचारा. नावं अशी: बूरी म्हणजे आपली बोय, गंबरी म्हणजे कोळंबी, कबोरिया म्हणजे खेकडा, गंदोफली म्हणजे तिसऱ्या. डेनिस हा तिकडचा मासा, काटे कमी, गोडसर.

मग विचारतील कसा हवा. मशवी म्हणजे भाजलेला, मकली म्हणजे तळलेला. सिंगारी म्हणजे पाठीतून उघडून, वर टोमॅटो, कांदा, मिरची, लसूण घालून भट्टीत. मी बूरी 'रद्दा' सांगितली होती. गव्हाच्या कोंड्यात घोळवून अख्खा मासा भाजतात, कोंडा पार काळा पडतो. ताट आलं तेव्हा वाटलं जळालाय. वाढणाऱ्यानं काट्यानं कडेला धरून कोंड्यासकट कातडी एका दमात सोलून काढली, आत पांढरंशुभ्र, वाफाळतं मांस. वर लिंबू आणि जिरं. सोबत कांदा काळपट परतून केलेला सयादिया भात घ्या.

शाकाहाऱ्यांसाठी

चिंता नको, हा देश कडधान्यांवर जगतो. सकाळी फूल, म्हणजे रात्रभर मंद शिजवलेले फवा घेवडे, तेल-लिंबू-जिरं घालून. कैरोत ज्याला तामिया म्हणतात त्याला इथे फलाफलच म्हणतात. कुशरी तर डाळ-तांदूळ-मॅकरोनी, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचा आंबट रस्सा. आपल्या खिचडीची लांबची नातलग मानतात तिला.

एक शब्द पाठ करा: 'सियामी'. कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या स्थानिक ख्रिश्चनांच्या उपासाचं जेवण, मांस-दूध-अंडी नसलेलं. 'नबाती' म्हटलं तर कधीकधी चिकनचा रस्सा चालतो असं समजतात, 'सियामी' म्हटलं की लगेच कळतं. मासा काही उपासांत चालतो, म्हणून 'मिन घेर समक' (मासा नको) हेही जोडा. संध्याकाळी कॉर्निशवर भाजलेलं कणीस आणि रसवंतीत 'असब', म्हणजे चक्क उसाचा रस. समुद्रकाठी डोक्यावर काचेची पेटी घेतलेली मुलं फ्रेस्का विकतात, पापडासारख्या पातळ चकत्यांमध्ये मध आणि तीळ.

पैसे, आकडे, चार शब्द

बऱ्याच पुरातत्त्व स्थळांवर परदेशी पाहुण्यांना तिकीट फक्त कार्डानं मिळतं. दोन वेगळी कार्डं न्या, आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून. बाकी सगळीकडे रोख आणि सुट्टे. चलनाला बोलताना 'गिनेह' म्हणतात. 'बक्षीश' हा शब्द आपलाच आहे, ओझेवाला, चपला सांभाळणारा, जिन्यात टॉर्च दाखवणारा यांना छोटी नोट द्या. बिल हवं तर 'अल् हिसाब' म्हणा. दुकान आणि साबण हे शब्दही तिकडे जवळजवळ तसेच आहेत.

अरबी आकडे जाण्याआधी एका संध्याकाळी शिका, भाव आणि फलाट क्रमांक त्यांत असतात. शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि शून्यासारखा दिसणारा गोल म्हणजे पाच. सहा हा इंग्रजी सातासारखा, सात हा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा.

मिनी बसला इथे 'मशरू' म्हणतात, कॉर्निशवर हात दाखवला की थांबते. ट्रामचा वारसा १८६० च्या दशकातला, पण आधुनिकीकरणाची कामं काढलेली असल्यानं ती धरून वेळेचा बेत आखू नका. कॉर्निश ओलांडताना भुयारी वाट शोधा, गाड्यांसमोरून धावू नका.

चौथा दिवस मिळाला तर

रशीद किंवा अल् अलामेन. रशीदला जुनी विटांची घरं आणि नाईलचं मुख आहे, इजिप्तची चित्रलिपी ज्यामुळे वाचता आली तो रोझेटा शिलालेख १७९९ मध्ये तिथे सापडला. पण एकच निवडायचं असेल तर मी पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरच्या अल् अलामेनला जा म्हणेन. दुसऱ्या महायुद्धातल्या १९४२ च्या लढाईची दफनभूमी तिथे आहे, सात हजारांहून जास्त कबरी, वाळूत रांगेनं. टॅक्सी येण्याजाण्याची आणि थांबण्याची मिळून ठरवा, परतीला तिथे गाडी मिळत नाही. पाणी सोबत ठेवा, सावली नाही.

बहुतेक लोक कबरींमधून फिरून गाडीत बसतात. तुम्ही दहनस्मारक विचारा. आपापल्या धर्माप्रमाणे दहन झालेल्या सुमारे सहाशे भारतीय सैनिकांची नावं तिथे कोरलेली आहेत. उत्तर आफ्रिकेच्या त्या युद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीही होती, तिची एक पलटण १९४२ च्या जूनमध्ये लिबियातल्या तोब्रुकला कैद झाली. नावं बारीक आहेत आणि दुपारच्या उन्हात दगड चकाकतो, वाचता येत नाही. सकाळी दहाच्या आत पोचा.